सही करायच्या आधी देवाला विचारा

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, मुली नर्सिंग करून नोकरीला लागल्या की थोड्याच वर्षांत त्यांच्या हातात आखाती देशाचं ऑफर लेटर येतं. मग त्या माझ्याकडे येतात. मी मिरजेला शिकले, उभं आयुष्य वॉर्डात काढलं आणि आता निवृत्त होऊन नगरला बायकांची प्रार्थना सभा चालवते, म्हणून. “सलाम मावशी. प्रभूची इच्छा कळावी म्हणून प्रार्थना करा.” मी आधी एकच विचारते, एजंटला पैसे दिलेस का? बहुतेक वेळा दिलेले असतात. राजीनामाही टाइप करून पर्समध्ये असतो. मग प्रभूने आता सांगायचं काय? नुसता शिक्का मारायचा?

तर पहिली गोष्ट ही. ‘नाही’ हे उत्तर ऐकून मागे फिरता येईल, अशा वेळीच विचारा. पैसे दिले, घरात पेढे वाटले, पाळकसाहेबांनी उपासनेत जाहीर केलं, की मग प्रार्थना करणारं मनच प्रामाणिक राहत नाही. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाचा नववा अध्याय मी प्रत्येकीला वाचायला लावते. गिबोनचे लोक फाटके जोडे, ठिगळं लावलेले बुधले आणि बुरसटलेली भाकर घेऊन आले, म्हणाले आम्ही फार दूरच्या देशातून आलो. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी डोकं वापरलं नाही असं नाही. शिदोरी हातात घेऊन पाहिली, संशयाने प्रश्नही विचारले. फक्त परमेश्वराचा सल्ला घेतला नाही, असं चौदाव्या वचनात स्पष्ट लिहिलंय. तीन दिवसांनी कळलं की ही मंडळी तर शेजारचीच. पण त्यांना जिवंत ठेवण्याची शपथ दिली होती, ती पाळावी लागली.

यावरून कुणी म्हणेल, मग डोकं बाजूलाच ठेवायचं का? नीतिसूत्रे ३:५ मध्ये आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस असं म्हटलंय. बुद्धी फेकून दे असं म्हटलेलं नाही. तिच्यावर सगळा भार टाकू नका, एवढंच. म्हणून गुडघे टेकायच्या आधी किंवा नंतर, केव्हाही, पण परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्या एजंटचं नाव आणि परवाना तपासाच. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. कुणी दोन-तीन लाख मागत असेल, तर त्यावर उपास-प्रार्थना करत बसू नका, तिथून उठा.

तसंच अनुभवाच्या दाखल्याचं. “दीड वर्षाचं तीन वर्षं करून देतो, सगळेच करतात,” असं कुणीतरी सांगतं आणि मुलगी मला विचारते, “मावशी, प्रभू काय म्हणेल?” प्रभूने आधीच सांगितलंय, निर्गमच्या विसाव्या अध्यायात, खोटी साक्ष देऊ नकोस म्हणून. मार्गदर्शन मागताना निम्मे प्रश्न असेच गळून पडतात. उरतात ते खरोखर अवघड: जाऊ की राहू, आईला कोण बघणार, लग्न आधी की नोकरी. त्यांच्यासाठी सवड ठेवा.

आता प्रार्थना कशी करायची. एका कागदावर आधी स्वतःला काय हवंय ते लिहा. “तुझ्या इच्छेप्रमाणे होवो” हे वाक्य आपल्याकडे इतकं पाठ आहे की खरी इच्छा तोंडातून बाहेरच येत नाही. क्रूसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने आधी आपलं मागणं मांडलं, हा प्याला माझ्यावरून टळून जावो. मग ‘तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको’. आणि हे त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं. तेव्हा लिहा: मला पैसा हवाय, घराचं कर्ज फेडायचंय, सासूपासून लांब जायचंय. हो, हेही लिहा. खाली भीती लिहा. हा कागद देवापुढे मोठ्याने वाचा, दार लावून.

मग वचन वाचा. पण बायबल उघडून डोळे मिटून बोट ठेवायचं, असलं काही नको. वर्षअखेरच्या उपासनेत मिळालेली वचनाची चिठ्ठी काढून “बघा, ‘मी तुझ्याबरोबर जाईन’ असं आलंय,” असंही नको. ती चिठ्ठी धीर द्यायला आहे, व्हिसा द्यायला नाही. एखादं पुस्तक क्रमाने वाचा, रोज एक अध्याय. निर्णयाला महिना असेल तर महिनाभर. रोज उत्तर सापडेलच असं नाही, पण वाचताना मनातला कुठला हट्ट उघडा पडतो ते दिसायला लागतं.

खुणा मागण्याबद्दल माझं मत कडक आहे. “शुक्रवारपर्यंत व्हिसा आला तर ती प्रभूची इच्छा.” आणि व्हिसा लागला की सगळे हालेलूया म्हणतात. गिदोनाने देवाकडे खूण मागताना रात्री लोकर ठेवली होती, दव फक्त तिच्यावर पडावं म्हणून, मान्य. पण काय करायचं हे त्याला आधीच स्वच्छ सांगितलं होतं. विश्वास बसत नव्हता म्हणून त्याने लोकर ठेवली, तीही दोनदा. देवाने त्याला सांभाळून घेतलं ही देवाची कृपा. आपण त्याची पद्धत करू नये.

आणि ‘मनाला शांती वाटली’ ही आमच्याकडची सर्वात लाडकी खूण. ती नाकारत नाही, पण एकटीवर भरवसा ठेवू नका. देवापासून पळून तार्शीशला निघालेला योना जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. उलट पित्याच्या इच्छेत पूर्ण असलेला येशू गेथशेमानेतल्या त्या रात्री व्याकूळ होता.

मग माणसं. मोशे देवाशी समोरासमोर बोलायचा, तरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करत बसू नकोस, कामं वाटून दे, हा सल्ला त्याला सासऱ्याकडून मिळाला, इथ्रोकडून, आणि त्याने तो घेतला. निर्गम १८. म्हणून तीन जणांना विचारा. एक तिथे राहून आलेली, एक घरची आणि एक अशी, जिला तुम्ही गेल्याने ना फायदा ना तोटा. ती तिसरी शोधायला वेळ लागतो, पण तिच्याशिवाय सल्ला पुरा होत नाही. त्यांच्याकडे जाताना “प्रभूने मला सांगितलंय” अशी सुरुवात करू नका. त्यावर समोरचा काय बोलणार? प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये प्रेषित पौलाला रात्री दृष्टान्त झाला, मासेदोनियाचा माणूस ‘इकडे ये’ म्हणून विनवत होता. पण पुढच्याच वचनात लेखक ‘आम्ही’ म्हणतो. देवाने बोलावलंय हे अनुमान सगळ्यांनी मिळून काढलं.

त्या अध्यायाचा आधीचा भाग तर मी वाट बघणाऱ्या मुलींना मुद्दाम वाचून दाखवते. पौल आणि त्याच्या सोबत्यांना आसिया प्रांतात वचन सांगायला मनाई. बिथुनियाकडे निघाले, तिथेही जाऊ दिलं नाही. का, ते लिहिलेलं नाही. ते चालत राहिले आणि समुद्रकाठच्या त्रोवसला पोचले, आणि तो दृष्टान्त तिथेच झाला. तिकडच्या नर्सिंग परवान्याच्या प्रोमेट्रिक परीक्षेत नापास झालात, कागदांची पडताळणी अडकली, तर लगेच ‘प्रभूने दार बंद केलं’ म्हणू नका आणि लगेच दार तोडायलाही जाऊ नका. तोवर हातातली ड्यूटी नीट करा, अभ्यास करा, पुढचं एक पाऊल तेवढं बघा. स्तोत्र ११९ मध्ये वचनाला पावलांसाठी दिवा म्हटलंय, आणि दिव्याने फार लांबचं दिसत नाही.

मागच्या वेळचं उत्तर यावेळी वापरायचं नाही, हेही दावीद राजाकडून शिकण्यासारखं आहे. २ शमुवेल ५. तेच शत्रू पलिष्टी, तेच रेफाईमचं खोरं. पहिल्यांदा विचारलं तर उत्तर आलं, चढाई कर. जिंकल्यावर दुसऱ्यांदा त्याने पुन्हा विचारलं, आणि यावेळी उत्तर होतं, समोरून जाऊ नको, वळसा घालून मागून जा. थोरल्या बहिणीला कुवेत लाभलं म्हणून धाकटीने न विचारता निघायचं नसतं.

नियोजन केलं म्हणजे विश्वास कमी, असं मानणाऱ्यांना मी पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं सांगते. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेला अमेरिकेतल्या मंडळाने १० वर्षांच्या मदतीची हमी दिली होती. ती मुदत संपल्यावर काय, म्हणून बाईंनी केडगावला जमीन घेऊन फळझाडं लावली, शाळा स्वतःच्या उत्पन्नावर चालावी असा हिशेब. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तामुळे इतक्या जणींना ठेवणं अवघड झालं, तेव्हा उपयोगी पडली ती हीच बागेची जमीन. तिथे निराधार बायकामुलींसाठी मुक्ती मिशन उभं राहिलं. हिशेब त्यांनी फळांचा केला होता. तो हट्टाने धरून ठेवला असता तर त्या जमिनीवर संत्रीच निघाली असती.

निर्णय झाला की कागदावर तारीख टाका, का ठरवलं ते दोन ओळींत लिहा आणि बायबलमध्ये ठेवा. तिकडे पहिल्या तीन महिन्यांत रडू येणारच, तेव्हा तो कागद कामाला येतो. त्रास झाला म्हणजे मार्गदर्शन चुकलं, असं नसतं. पौल त्या मासेदोनियातल्या फिलिप्पैला गेला, तिथे लुदियासारखी बाई विश्वासात आली आणि पाठोपाठ पौल आणि त्याचा सोबती सीला फटके खाऊन तुरुंगातही गेले.

आणि सही करण्यापूर्वी करारात आठवड्याची सुट्टी आणि राहण्याची जागा वाचून घ्या. सौदीला जाणार असाल तर तिथे उघड उपासनेला परवानगी नाही, हे मनाशी धरून ठरवा. इतर बऱ्याच आखाती शहरांत भारतीय भाषांच्या उपासना भरतात, त्यांचा पत्ता इथूनच काढा. कराराची एक प्रत आईकडे ठेवा, एक मला द्या. माझ्याकडे त्यासाठी वेगळी फाइल आहे.