बॅटमॅन वाचायचाय? मग १९३९ला हात लावू नका

भाचा परवा म्हणाला, "मामा, मी बॅटमॅन पहिल्यापासून क्रमाने वाचणार." म्हटलं, बाळा, ऐंशीहून जास्त वर्षांचे अंक आहेत, दहावी कधी देणार? कॉलेजात मीही हाच हट्ट धरला होता. 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकापासून, म्हणजे १९३९मधल्या बॅटमॅनच्या पहिल्या गोष्टीपासून, सुरुवात केली आणि महिन्याभरात गाडी अडली.

'इयर वन' आधी घ्या. १९८७ साली 'बॅटमॅन'च्या ४०४ ते ४०७ या चार अंकांत आलेली गोष्ट. लेखन फ्रँक मिलरचं, चित्रं डेव्हिड माझुकेलीची. मागचं काहीही ठाऊक नसलं तरी चालतं. खरं तर ही जिम गॉर्डनचीही गोष्ट आहे: बदली होऊन आलेला, सडलेल्या खात्यात एकटा पडलेला पोलीस. आणि ब्रूस वेन, म्हणजे पुढचा बॅटमॅन? अजून मुखवटाही नाही, पहिल्याच रात्री मार खाऊन रक्तबंबाळ घरी येतो. ती पानं मी अजून काढून बघतो.

मग 'द लाँग हॅलोवीन'. १३ अंक, सणासुदीला खून पाडणारा खुनी, आणि सरकारी वकील हार्वी डेंटची फरफट. पुढे २०११चं 'कोर्ट ऑफ आउल्स'.

'द डार्क नाइट रिटर्न्स' जो तो आधी हातात देतो. घेऊ नका. त्यातला बॅटमॅन पन्नाशी उलटलेला, निवृत्त. तरुण बॅटमॅनशीच ओळख नसेल, तर त्याचं म्हातारपण काय टोचणार?

सुटे अंक शोधत बसू नका, एकत्र बांधलेलं पुस्तकच घ्या. भाच्याला माझं 'इयर वन' दिलंय, पानं दुमडायची नाहीत या अटीवर.