सही कोणाची, उत्तर कोणाचं?

सीए होऊन आंतरराष्ट्रीय संस्थेत ऑडिटला जायचं म्हणणारी मुलं-मुली हल्ली बरीच भेटतात. दर शनिवारी बिबवेवाडीत दोन-तीन आर्टिकल, म्हणजे सीए होण्याआधी फर्ममध्ये उमेदवारी करणारी मुलं, माझ्याकडे येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, अर्ज कुठे करायचा?" अर्जाचं मी सांगतेच. त्याआधी मात्र जनरेटरची गोष्ट सांगते. हे काम नेमकं काय आहे, ते मला तिथेच कळलं.

टिळक रोडवरच्या एका छोट्या फर्ममध्ये माझी आर्टिकलशिप झाली. तीन वर्षं व्हाउचरवर टिका मारल्या, बँक जुळवली, गोडाऊनमध्ये पोती मोजली. (आता नव्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली आहे. तेवढा वेळ नीट वापरा.) पुढे खराडीत एका कंपनीच्या इंटरनल ऑडिटमध्ये होते आणि तिथून एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ऑडिट टीममध्ये गेले. पहिल्याच वर्षी आफ्रिकेतल्या एका कार्यालयात पाठवलं.

त्या कार्यालयाचं गोडाऊन जनरेटरवर चालायचं. लॉगबुकात रोज आठ तास लिहिलेले होते. रविवारी आठ, सणाच्या सुट्टीच्या दिवशीही आठ, सगळं एकाच पेनाने आणि एकाच अक्षरात. आर्टिकलशिपमधली सवय म्हणून मी वही मिटली आणि जनरेटरपाशी गेले. पत्र्याच्या झाकणाखाली तासांचं मीटर होतं, त्यावरची धूळ बोटाने पुसली आणि आकडा लिहून घेतला. तीस दिवसांनी तोच आकडा तिथल्या सहकाऱ्याकडून पुन्हा मागवला. वहीप्रमाणे जनरेटर 240 तास चालला होता, मीटरप्रमाणे 142. फरक 98 तासांचा. तासाला 18 लिटर धरले तर एका महिन्यात 1764 लिटर डिझेलचा हिशेब लागत नव्हता.

मी ड्राफ्टमध्ये लिहिलं, "लॉगबुक भरणाऱ्या कर्मचाऱ्याला समज द्यावी." आमच्या टीम लीडने ते वाक्य खोडलं आणि एवढंच विचारलं, "बिलं मंजूर कोणी केली?"

बिलांवर सही प्रशासनप्रमुखांची होती, अकरा महिन्यांच्या अकरा बिलांवर. खर्च मंजूर करायचा अधिकार त्यांना लेखी दिलेला होता, पण मीटरचा आकडा त्यांनी एकदाही मागितला नव्हता. डिझेल कुठे गेलं हा तपासाचा विषय होता, तो तपास करणाऱ्यांकडे गेला. आमचा मुद्दा वेगळा होता. अधिकार ज्याच्याकडे होता, त्याला कोणी काही विचारतच नव्हतं.

रिपोर्टवर उत्तर आलं, "शिफारस मान्य." जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात लिहिलं होतं "प्रशासन विभाग" आणि मुदतीच्या रकान्यात "पुढील तिमाही". मला वाटलं, काम झालं. ती माझी चूक होती आणि तिची किंमत दुसऱ्याने मोजली. सहा महिन्यांनी फॉलोअप घेतला तेव्हा शेरा होता, "अंमलबजावणी सुरू आहे." दरम्यान वही भरणाऱ्या माणसाचं कंत्राट संपलं होतं आणि ते पुढे वाढवलं गेलं नव्हतं. बाकी काहीही बदललं नव्हतं. अकरा सह्या करणारे अधिकारी त्याच खुर्चीत होते. हे मला आजही सलतं.

दुसऱ्या वेळी आम्ही हटून बसलो. विभागाचं नाव चालणार नाही, पद लिहा. तिमाही नको, तारीख लिहा. प्रत्येक बिलासोबत मीटरचा फोटो लागेल आणि फोटो नसेल तर बिल निघणार नाही. शिवाय ही शिफारस कार्यालयप्रमुखांच्या वार्षिक कामगिरीच्या करारात घातली गेली. पुढच्या महिन्यापासून लॉगबुकातले तास मीटरशी जुळायला लागले.

आपल्याकडे जबाबदारी आणि उत्तरदायित्व हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात. या कामात त्यांच्यातला फरक पक्का धरा. वही भरायची जबाबदारी खालच्या माणसाला देता येते, पण ती भरून घेण्याबद्दलचं उत्तर सही करणाऱ्यालाच द्यावं लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 2010 मध्ये 64/259 क्रमांकाच्या ठरावात उत्तरदायित्वाची व्याख्या केली. सचिवालय आणि त्याचे कर्मचारी आपल्या सगळ्या निर्णयांबद्दल आणि कृतींबद्दल उत्तर द्यायला बांधील आहेत, त्यात अट नाही, अपवाद नाही. हा ठराव मुळातून वाचा.

ही भाषा फुकट आलेली नाही. इराकच्या तेलविक्रीच्या पैशातून तिथल्या लोकांना अन्न-औषधं पुरवायची संयुक्त राष्ट्रांची 'तेलाच्या बदल्यात अन्न' ही योजना होती. तिच्यात काय काय झालं, ते पॉल व्होल्कर यांच्या चौकशी समितीने 2005 मध्ये मांडलं. देखरेख किती ढिली होती, हे त्या अहवालांत पानोपानी दिसतं. अंतर्गत देखरेखीचं कार्यालय तर 1994 पासूनच होतं. म्हणजे ऑडिट खातं असूनही वरच्यांना जाब विचारला जाईलच असं नाही. त्यानंतर 2006 मध्ये नीतिमत्ता कार्यालय आलं, 2009 मध्ये कर्मचाऱ्यांच्या तक्रारींसाठी नवी न्यायाधिकरणं आली. 2019 पासून निर्णयाचे अधिकार आणखी खाली, प्रत्यक्ष काम चालतं तिथल्या प्रमुखांकडे दिले गेले. माझ्या मते ते योग्यच झालं. मात्र अधिकार जितका खाली जातो, तितकं "सही कोणाची?" हे जास्त वेळा विचारावं लागतं.

आता तयारीचं. संयुक्त राष्ट्रांच्या ऑडिटर मंडळाचे अहवाल कोणालाही वाचता येतात. आपले कॅग (भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक) 2014 ते 2020 या काळात त्या मंडळावर होते, तेव्हापासून सुरुवात करा. निष्कर्षांवर फार वेळ घालवू नका. जुन्या शिफारशींची स्थिती दाखवणारं परिशिष्ट उघडा आणि एकच शिफारस तीन वर्षांच्या अहवालांत शोधत जा. कुठे शब्द बदलतात, कुठे तारीख सरकते, कुठे खरंच काम होतं, ते दिसेल. माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिला महिना एवढंच करायला लावते.

परीक्षांमध्ये सीएसोबत सीआयए (सर्टिफाइड इंटरनल ऑडिटर) उपयोगी पडते, तिचे तीन भाग आहेत. इंग्रजीत सरळ, लहान वाक्यांत लिहायची सवय हवीच, फ्रेंच येत असेल तर उत्तम. यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम या संयुक्त राष्ट्रांच्या तरुणांसाठीच्या भरती परीक्षेला वयाची अट 32 वर्षांची आहे. त्यात कोणते देश आणि कोणते विषय घेतले जातात ते दरवर्षी बदलतं, म्हणून फक्त त्याच्या भरवशावर थांबू नका. खराडी, हिंजवडी, मगरपट्टा इथल्या मोठ्या कंपन्यांच्या ऑडिट टीममध्ये हेच काम शिकता येतं. मुलाखतीत मला सर्वांत जास्त प्रश्न खराडीतल्या अनुभवावरच विचारले होते.

आणि लहान फर्ममध्ये आहात म्हणून खंत करू नका. उद्या ऑफिसात जाल तेव्हा कुठलंही एक व्हाउचर घ्या. वस्तू कोणी मागवली, कोणी मोजून घेतली, बिल कोणी मंजूर केलं, ही तीन नावं कागदावर लिहा. दोन ठिकाणी एकच नाव आलं, किंवा नावाऐवजी नुसता विभाग सापडला, तर तुमच्या सरांना जाऊन विचारा.