फाईल सर्व्हरसाठी फाईल सिस्टीम निवडताना स्पीड नंतर बघा

फाईल सिस्टीम (डिस्कवर फाईली कशा ठेवायच्या ते सांभाळणारी व्यवस्था) निवडायची म्हटलं की सगळे आधी स्पीडचे आकडे काढून बसतात, पण फाईल सर्व्हरवर बऱ्याचदा नेटवर्कच आधी कमी पडतं, त्यामुळे ते आकडे बाजूला ठेवा आणि आधी एवढंच बघा, डिस्कने गुपचूप चुकीचा डेटा दिला तर या फाईल सिस्टीमला ते कळणार आहे का?

ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या लिनक्सवरच्या दोन्ही फाईल सिस्टीम भक्कम आहेत, जर्नलिंगमुळे (बदलांची आधी नोंद ठेवल्यामुळे) मध्येच लाईट गेली तरी परत नीट माउंट होतात. पण चेकसम (डेटा बदलला का ते ओळखायचा आकडा) फक्त मेटाडेटाचे, फाईलीतल्या मजकुराचे नाहीत. म्हणजे फाईलचं नाव, साईज, तारीख सगळं जागच्या जागी आणि फोटो उघडला तर खालचा अर्धा भाग करडा, आणि तोवर तीच खराब फाईल बॅकअपमध्येही जाऊन बसलेली असते. साधं मिररिंग (तोच डेटा दोन डिस्कवर ठेवणं) इथे कामाला येत नाही, दोन डिस्कवर दोन वेगळे ब्लॉक (डेटाचे तुकडे) निघाले तर खरा कुठला हे त्याला कसं कळणार?

म्हणून दोन किंवा जास्त डिस्क असतील तर माझं मत सरळ झेडएफएस या फाईल सिस्टीमचा मिरर. प्रत्येक ब्लॉकचा चेकसम वरच्या ब्लॉकमध्ये असतो, वाचताना जुळला नाही तर झेडएफएस दुसऱ्या डिस्कवरची चांगली कॉपी देतं आणि खराब ब्लॉक दुरुस्तही करतं. महिन्यातून एकदा 'झेडपूल स्क्रब' (सगळा डेटा वाचून चेकसम तपासणारी कमांड) चालवा, मग 'झेडपूल स्टेटस'मध्ये चेकसमचा कॉलम बघा, शून्य नसेल तर डिस्क, केबल, रॅम सगळं तपासायला घ्या. डिस्क रेड कार्डमागे (अनेक डिस्क एकच असल्यासारख्या दाखवणाऱ्या कार्डमागे) लपवू नका, थेट जोडा. एसएमआर डिस्क (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) घेऊच नका, बदललेल्या डिस्कवर डेटा भरताना जाम रखडतात. पूल (झेडएफएसने एकत्र केलेल्या डिस्कची जागा) ८० टक्क्यांच्या वर भरला की जागा वाढवायचं बघा. लिनक्सवर झेडएफएस कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) बाहेरचं मॉड्यूल आहे, म्हणून कर्नल अपडेट करण्याआधी सपोर्ट आलाय ना ते तपासा.

बीटीआरएफएस ही फाईल सिस्टीम कर्नलमध्येच येते, चेकसम आणि स्नॅपशॉटही (त्या क्षणाच्या डेटाची जपलेली प्रत) आहेत, रेड १ (म्हणजे मिररिंग) पर्यंत बिनधास्त वापरा, रेड ५ आणि ६ (पॅरिटीवर चालणारे प्रकार) मात्र नको.

एकच डिस्क आणि कमीत कमी देखभाल हवी असेल तर ईएक्सटी४ चालेल, फक्त महत्त्वाच्या फाईलींचे एसएचए२५६ चेकसम काढून ठेवा आणि बॅकअप घेण्याआधी ताडून बघा. एक्सएफएस मोठ्या फाईलींना छान, पण नंतर लहान करता येत नाही हे पार्टिशन पाडतानाच लक्षात घ्या.

काहीही निवडलंत तरी खरा डेटा टाकायच्या आधी एक डिस्क मुद्दाम काढून, दुसरी लावून, सगळं परत उभं करून बघा.