पाणमांजर बघायचंय? मग आधी त्याची शी शोधा

पाणमांजर बघायचं म्हणून नदीवर गेलेले बहुतेक जण काठावर उभे राहून नुसते पाण्याकडे बघत बसतात आणि दोन तासांनी वैतागून घरी जातात. मीपण सुरुवातीला तेच केलंय. एकदा तर अर्धा तास दुर्बिणीतून पाणमांजर समजून पाणकावळा बघत होतो, अंग पाण्याखाली, नुसती मान वर, बुडी मारतोय आणि भलतीकडेच वर येतोय, मी खूश, आणि मग साहेब दगडावर चढले आणि पंख पसरून वाळत बसले.

तर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पाण्याकडे बघूच नका, काठाकडे बघा. प्राणी दिसणं नशिबाचा भाग आहे पण त्याची शी तिथंच पडलेली असते. आणि हा प्राणी ती कुठंही करत नाही, मुद्दाम नजरेत आणि नाकात भरेल अशा जागी करतो, कारण ती त्यांची आपसातली निरोप ठेवायची पद्धत आहे, इथं मी राहतो, मी येऊन गेलो वगैरे. म्हणून पाण्यातून वर आलेला मोठा खडक, पुलाखालचे दगड, ओढा नदीला मिळतो ती जागा, काठावर आडवं पडलेलं झाड, वाळूचा उंचवटा, हे सगळं आधी बघायचं. एकेकट्या राहणाऱ्या युरेशियन पाणमांजराची छोटी छोटी ठिपक्यांसारखी शी मिळते, पण कळपानं राहणारी जात असेल, म्हणजे आपल्याकडचं गुळगुळीत केसांचं पाणमांजर, तर सगळं कुटुंब एकाच जागी जातं आणि तो तुकडा तुडवून तुडवून सपाट झालेला असतो, लांबूनही वास येतो.

शी ओळखायची कशी? ताजी असेल तर काळपट, ओली, चिकट. वाळली की राखाडी होते आणि काडीनं जरा ढोसलं की भुगा होतो. हाताने नको, काडीच घ्या, आणि नाक अगदी टेकवूही नका, जंगली प्राण्याच्या विष्ठेत जंतांची अंडी असू शकतात. आत बघा काय दिसतं. चमकणारे खवले, टाचणीएवढे काटे, माशाच्या मणक्याचे मण्यांसारखे बारीक गोल तुकडे, कधी खेकड्याच्या कवचाचे आणि नांगीचे तुकडे. कुत्र्याच्या शीत असा नुसता मासा भरलेला दिसत नाही. खेकडे जास्त खाल्ले असतील तर रंग लालसर येतो. वास मासळीचा, पण सडका नाही, युरेशियन जातीच्या शीचा वास तर काही जणांना जास्मिन टीसारखा किंवा सुक्या गवतासारखा वाटतो. मला चहा वगैरे कधी आठवला नाही, पण नाक दाबावंसं वाटत नाही एवढं खरं. मिंकची (पाणमांजराच्याच कुळातला, पाण्याकाठी राहणारा परदेशातला छोटा प्राणी) शी मात्र घाण मारते, जिथं दोन्ही प्राणी आहेत तिथं फरक ओळखायला नाकच कामाला येतं. कधी शीऐवजी नुसता जेलीसारखा चिकट गोळा सापडतो, तोही पाणमांजराचाच असू शकतो.

मग ठसे. ओला गाळ किंवा बारीक ओली वाळू असेल तरच ठसे बघण्यात मजा, गोट्यांच्या काठावर वेळ घालवू नका. पाणमांजराच्या पायाला पाच बोटं, कुत्र्या-मांजराच्या ठशात चार. पण गंमत अशी की कडक जमिनीवर आतलं बोट बरेचदा उमटतच नाही, त्यामुळे एका ठशावरून निकाल देऊ नका, दहा-बारा पावलं माग काढत जा, कुठंतरी पाचवं सापडतं. ठसा रुंद आणि गोलसर, बोटं पंख्यासारखी पसरलेली, गाळ मऊ असेल तर बोटांमधला पडदाही उमटतो. युरेशियन पाणमांजराचा ठसा साधारण 5 ते 7 सेंमी रुंद. मुंगसालाही पाच बोटं असतात, पण त्याचा ठसा बराच लहान आणि पडदा नाही. मोजपट्टी विसरलात तर शेजारी नाणं ठेवून फोटो काढा.

बाकीच्या खुणा पटकन सांगतो. नदी वळण घेते तिथं वळसा टाळून सरळ गवतातून गेलेली दबलेली वाट, काठावरून पाण्यात उतरणारी घसरगुंडी (उत्तर अमेरिकेतली जात बर्फावर दोन उड्या मारून पोटावर घसरत जाते आणि 15 ते 30 सेंमी रुंद चर पडतो), लोळून विस्कटलेली वाळू, मोठ्या माशाचे उरलेले तुकडे. छोटा मासा ती पाण्यातच खाऊन टाकतात, मोठा असेल तर काठावर आणतात.

ताजी शी सापडली ना, मग आता बसायचं. समोरच्या काठावर, वारा आपल्या तोंडावर येईल असं, कारण तुमचा वास त्यांच्याकडे गेला की कार्यक्रम संपला. पहाटे उजाडायच्या आधी जाऊन बसा किंवा संध्याकाळी. पाठीमागे झाड किंवा खडक ठेवा म्हणजे आकाशावर तुमची आकृती दिसत नाही.

पाण्यात आधी दिसतो तो प्राणी नाही, बुडबुडे दिसतात. त्याच्या दाट केसांत अडकलेली हवा सुटत जाते आणि संथ डोहावर बुडबुड्यांची माळ सरकत येते, माळ जिकडे चाललीय त्याच्या थोडं पुढं नजर ठेवा. वर आलं की चपटं डोकं, पाठीमागे पाण्यावर व्ही आकाराची रेघ, आणि बुडी मारताना पाठीची कमान होऊन शेवटी शेपूट वर. पाणकावळ्याची चोच तिरकी वर असते, घोरपड पोहताना अंग नागमोडी हलवते. कान पण उघडे ठेवा, बारीक शिट्टी आली तर बहुतेक पिल्लू आईला बोलावतंय.

बीळ सापडलं, म्हणजे मुळांखालची पोकळी किंवा कपार आणि बाहेर ताज्या खुणा, तर जवळ जाऊन टॉर्च मारू नका, आत पिल्लं असली तर आई त्यांना घेऊन जागाच सोडू शकते. जागेचं लोकेशन सोशल मीडियावर तर अजिबात नको. आणि त्यानं मान उंच करून तुमच्याकडे बघत फुसकन आवाज काढला की समजा दिसलात तुम्ही, कॅमेरा उचलायला हात हलवू नका, तसेच बसा, कधी कधी ते परत मासे मारायला लागतं.