मोबाईल चपलांपाशी ठेवा, मग पुस्तक उघडा

कोल्हापुरात राजारामपुरीत मी अभ्यासिका चालवते. गारगोटी, राधानगरी, कागल, मुरगूडकडची पोरं-पोरी इथं खोल्या घेऊन राहतात आणि सकाळी उजाडायच्या आत दारात उभी असतात. कुणी बी.एस्सी.चं, कुणी इंजिनिअरिंगचं, कुणी एमपीएससीचं. सगळ्यांची मी काकू, आणि सगळ्यांची तक्रार एकच, "काकू, दिवसभर बसतोय, पण डोक्यात कायच राहत नाही." बसतात हे खरं आहे. पण मीही समोरच बसलेली असते, काय चाललंय ते मला दिसतं. मोबाईल वाईट असं भाषण मी देणार नाही, ते तुम्हाला घरी फुकट मिळतं. मोबाईल कुठं ठेवायचा आणि हातात घेतल्यावर त्याच्याकडून काय करून घ्यायचं, एवढंच सांगते.

आधी सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग उघडा. आयफोनवाल्यांनी स्क्रीन टाइम. किती तास झाले ते सोडा, तो आकडा बघून सगळे "त्यात लेक्चरपण होतं" म्हणून सुटतात. अनलॉक किती वेळा झाला (आयफोनवर 'पिकअप्स') ते बघा. खरं दुखणं तिथं आहे.

ते होतं कसं, तेही सांगते. पान संपतं. मान खालीच असते, पण डावा हात मोबाईलकडे गेलेला असतो. काहीही आलेलं नसतं. स्क्रीन पेटते, अंगठा एकदा वर सरकतो, मोबाईल पुन्हा पालथा. विचारलं तर उत्तर, "वेळ बघितली काकू." भिंतीवर ताटाएवढं घड्याळ आहे. बरं, किती वाजले म्हणून लगेच विचारलं तर परत मोबाईलच उचलतात.

अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांचे फोन सायलेंट केले. काहींना फोन टेबलावर ठेवायला सांगितलं, काहींना खिशात किंवा बॅगेत, काहींना दुसऱ्या खोलीत. मग स्मरणाच्या आणि विचाराच्या चाचण्या दिल्या. दुसऱ्या खोलीतवाल्यांना टेबलावरवाल्यांपेक्षा चांगलं जमलं. पुढं इतरांनी तसेच प्रयोग केले तेव्हा फरक दर वेळी तेवढा ठळक आला नाही, हेही सांगायला हवं. पण माझ्या खोलीत जे दिसतं ते पहिल्या निकालाच्या बाजूचं आहे. म्हणून मी चार्जिंगचा बोर्डच टेबलांजवळून काढून दाराशी, चपलांच्या रॅकवर नेला. मोबाईल लागला तर खुर्ची मागं सरकवून, सगळ्यांच्या नजरा झेलत उठून जावं लागतं. निम्मी कामं तिथंच रद्द होतात. तुमच्या खोलीवरही हेच करा: मोबाईल हाताला लागता कामा नये, उठून जाण्याइतका लांब हवा. "मनावर ताबा ठेवीन" यावर विसंबू नका. मन काय, पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच लागली की शाहू स्टेडियमवर जाऊन बसतं.

"पण घरून फोन आला तर?" हा प्रश्न पोरी हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. गावाकडं आई एकटी असते, आजोबा आजारी असतात. डू नॉट डिस्टर्ब लावा आणि घरच्यांचे नंबर अपवादात टाका. बाकीच्यांसाठी 'रिपीट कॉलर'ची सोय चालू ठेवा; अँड्रॉइडवर त्याच माणसानं पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजतो. घरी सांगून ठेवा, "निकडीचं असेल तर लागोपाठ दोनदा लावा." एकदा समजावलं की आयांना बरोबर जमतं.

वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप म्यूट करताना आठ तास नको, 'नेहमी' निवडा. "उद्या लेक्चर आहे काय?" या प्रश्नाखाली चाळीस मेसेज पडतात आणि उत्तर कुणालाच माहीत नसतं. रात्री एकदाच उघडून बघायचा.

आता खरा मुद्दा. तुमचा बराचसा अभ्यास म्हणजे गोळा करणं झालंय. फळ्याचा फोटो, सीनिअरची पीडीएफ, टेलिग्रामवरच्या नोट्स. सेव्ह झालं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. पुन्हा पुन्हा वाचण्याचंही तसंच. 2006 सालचा रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे थोडे पुढं होते. आठवड्यानं मात्र वाचणाऱ्यांना सुमारे 42 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. आणि तुमचा पेपर काही वाचल्यावर पाच मिनिटांनी नसतो.

तेव्हा मोबाईलला कपाट करू नका, परीक्षक करा. आमच्याकडं मुरगूडची एक पोरगी होती. धडा वाचून झाला की पुस्तक टेबलावरच मिटून ठेवायची, मोबाईल घेऊन जिन्यात जायची आणि रेकॉर्डर लावून स्वतःच शिकवायची, तेही आपल्या बोलीत. "ॲसिटिल को-ए आला, ऑक्झॅलोॲसिटेटला चिकटला, सायट्रेट झालं. मग... मग..." त्या "मग... मग"पाशी थांबायची, वर येऊन तेवढंच पान उघडायची. सगळा धडा परत वाचत बसायची नाही. शनिवारी गावाकडं जाताना एसटीत तीच रेकॉर्डिंग ऐकायची. जिन्यातल्या बडबडीबद्दल खालच्या दुकानदारानं माझ्याकडं तक्रार केली, ती मी पोटात घातली.

चॅटजीपीटीलाही हेच काम द्या. असाइनमेंट लिहून घेतलीत तर शिकला कोण? त्याऐवजी धडा टाका आणि म्हणा, "यावर मला एकेक प्रश्न विचार, मी उत्तर दिल्याशिवाय पुढं जाऊ नको." चूक सांगेल, पण तो स्वतःही ठासून चुकीचं बोलतो, म्हणून शेवटची खात्री क्रमिक पुस्तकात करायची. आणि आठवड्यातून एक तरी उत्तर कागदावर पेननं पूर्ण लिहा. टायपिंगची सवय लागलेल्या बोटांना तीन तासांच्या पेपरात काय कळा येतात, ते पोरंच येऊन सांगतात.

व्हिडिओ लेक्चर दुप्पट वेगानं बघायचं तर बघा, पण गणित सोडवायला घेतलं की थांबवा, पुढची पायरी आपण मांडा, मगच चालू करा.

रात्री मोबाईल उशाशी नको. "गजर लावायचाय" हे कारण चालणार नाही, साधं गजराचं घड्याळ महाद्वार रोडला मिळतं. अभ्यास संपल्यावर रंकाळ्यावर भेळ खात रील्स बघितल्यात तर माझी काही हरकत नाही. नवीन येणाऱ्यांनी एवढंच करावं: चार्जर आपापला आणावा आणि त्यावर नाव चिकटवावं. रॅकवर सगळे पांढरेच असतात, आणि त्यावरून होणारी भांडणं मी सोडवत नाही.