बोरघाट सिम्युलेटरमध्ये उभारण्यापूर्वीची तयारी

ओपन रेल्स या विनामूल्य सिम्युलेटरसाठी कर्जत ते लोणावळा हा सुमारे 28 किलोमीटरचा घाटमार्ग उभारायचा असेल, तर सर्वांत आधी काळ ठरवावा. 1929 पूर्वीचा घाट निवडल्यास खंडाळ्याजवळचे, गाडीची दिशा उलटवणारे रिव्हर्सिंग स्टेशन दाखवावे लागते. आजचा निवडल्यास रुळांचे तीन समांतर मार्ग आणि 25 किलोव्होल्टची विद्युत तार आली.

जमिनीच्या उंचीसाठी एसआरटीएम या उंचीमापन मोहिमेची माहिती घ्यावी. फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातील रडारने ती टिपली आहे. दर 90 मीटरला एक उंची देणारी आवृत्ती घेऊ नये, कारण तिच्यात अरुंद दऱ्या बुजून जातात. 30 मीटरचीच घ्यावी. ही माहिती एकेका अंशाच्या चौकटींत मिळते. 18 उत्तर, 73 पूर्व या एका चौकटीत संपूर्ण घाट मावतो, तरी कर्जतहून उत्तरेकडचे डोंगर अर्धवट तुटलेले दिसू नयेत म्हणून वरची चौकटही सोबत असू द्यावी.

यापुढची तयारी बहुतेक जण टाळतात, आणि मार्ग तिथेच फसतो. या माहितीत उंची पूर्ण मीटरमध्ये नोंदलेली असते, तर घाटातील 37 ला 1 या कमाल चढावर 30 मीटरमध्ये रूळ जेमतेम 80 सेंटिमीटर चढतो. म्हणजे एवढा चढ त्या आकड्यांना दिसतच नाही. शिवाय रडार दाट झाडीत जमिनीऐवजी झाडांच्या आसपासची उंची सांगते आणि बोगद्यावर डोंगरमाथ्याची. जमिनीला चिकटवून रूळ टाकले, तर ते लाटांसारखे वरखाली होतात. म्हणून चढउताराचा तक्ता आधी कागदावर तयार करावा: स्थानकांच्या पाट्यांवर लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंची, ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावरून मोजलेली अंतरे, आणि खिडकीतून चित्रित केलेल्या प्रवासात दिसणाऱ्या ग्रेडियंट पोस्टवरील (रुळांकडेच्या, चढ किती ते सांगणाऱ्या खांबांवरील) आकडे. (त्यासाठी रुळांवर उतरण्याची गरज नाही, ते बेकायदेशीर आहे आणि जिवावर बेतणारेही.) कर्जत, पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा, लोणावळा अशा क्रमाने हा तक्ता पूर्ण झाला की रूळ त्याप्रमाणे टाकावेत आणि जमीन त्यांच्याप्रमाणे कापावी किंवा भरावी.

मार्ग उभारण्याच्या टीएसआरई या संपादकात उंचीच्या फायली थेट घेता येतात, परंतु तेथील जमिनीची जाळी दर 8 मीटरला एक बिंदू अशी असते. बोगद्याच्या तोंडाशी या जाळीतील त्याच मापाचा चौकोन काढून टाकावा लागत असल्याने तोंडाची दगडी कमान त्याहून रुंद बनवून ठेवावी. रुळांचे नमुने 1676 मिलिमीटर गेजचे (दोन रुळांमधील अंतराचे) आहेत याची खात्री करावी. झाडे आणि घरे सावकाश होतील.

शेवटी घाटातील कामकाजाची टिपणे हवीत. कर्जतला मागे लागणारी, चढावर गाडी ढकलणारी बँकर इंजिने, उतरत्या गाड्यांचे ब्रेक तपासण्याचे थांबे आणि सुटलेली गाडी अडवणाऱ्या कॅच सायडिंगची नेमकी जागा नकाशावर खुणावून ठेवावी, कारण सिग्नल त्यांच्यानुसारच बसवावे लागतात.