दिवाळीची ३० सेकंदांची जाहिरात: विनोद आधी, चाल नंतर

सणाच्या जाहिरातीत बहुतेक वेळा जिंगल आधी ठरते आणि तिच्या फटीत विनोद कोंबला जातो. मग हशाच्या जागी नेमकी ढोलकी वाजत असते. विनोदाला शांतता लागते, आणि तिची जागा चाल बांधतानाच मोकळी सोडावी लागते.

समजा, माल आहे दिव्यांची माळ. बाबा आत बटणापाशी, मुलगी गॅलरीत. “लागली का?” “नाही!” असं तीनदा. चौथ्यांदा मुलीच्या तोंडावर उजेड पडतो. “लागली!” बाबा धावत बाहेर येतात. “आपली नाही. जोशी काकांची.” जोशी काकांची माळ म्हणजे आपण विकतोय तो माल. विनोदातून माल काढून घेतला तर विनोद कोसळला पाहिजे. तो तसाच टिकला, तर लोकांना विनोद आठवेल आणि माळ कुणाची ते विसरतील.

आता चाल. मेट्रोनोम मिनिटाला ९६ ठोक्यांवर लावा, एका ठोक्याला केरव्याच्या (आठ मात्रांचा ताल) दोन मात्रा. आवर्तन, म्हणजे आठ मात्रांचा एक फेरा, अडीच सेकंदांचं होतं, ३० सेकंदांत बारा बसतात. पहिल्या दोन आवर्तनांत नुसतं वाद्य: स्टूल, सुतळी, गुंता झालेली वायर. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत तीन सवाल-जवाब, प्रत्येकी दोन आवर्तनं. “लागली का” समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आणि “नाही” पाचव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर. तिथे ठेका हलका असल्यामुळे शब्द स्वच्छ ऐकू येतो. नववं-दहावं आवर्तन वाद्यांविना पूर्ण रिकामं, तिथे “लागली!” पासून “जोशी काकांची” पर्यंतचं बोलणं. शेवटची दोन नावासाठी आणि ओळीसाठी.

आठव्याचा शेवटचा ठोका हातानं दाबून बंद करायला सांगा, नाहीतर त्याची घुमणारी आस “लागली” वर सांडते. वादक हौसेनं तिथे तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) घेतील. घेऊ देऊ नका! तिहाई आली की पुढे काहीतरी होणार हे प्रेक्षकाला आधीच कळतं.

हेच माप असल्यामुळे छोट्या आवृत्त्या सहज निघतात. सुरुवातीचं नुसतं वाद्य गाळायचं: २० सेकंदांना आठ आवर्तनं (दोन सवाल-जवाब), १५ ला सहा (एकच), १० ला चार (नुसता शेवट). दहाची मात्र तीसची पाहिलेल्यांनाच कळेल, म्हणून ती आठवडाभरानं सोडा. कट नेहमी आवर्तनांच्या जोडीवर मारा: सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबात एका आवर्तनाला साडेबासष्ट फ्रेम येतात, जोडीला नीट १२५.

वाद्यांत सनई टाळा. तिनं लग्न आठवतं. मोठ्या ढोलाचा खर्ज टीव्हीच्या छोट्या स्पीकरमधून येतच नाही, नुसती थपथप उरते. हलगी टिकते.

जुनं गाणं वापरायचं असेल तर दोन परवानग्या लागतात: शब्द-चालीची वेगळी, ध्वनिमुद्रणाची वेगळी. पारंपरिक चाल मोकळी असली तरी कुणी केलेलं तिचं रेकॉर्डिंग मोकळं नसतं.

मिक्स स्टुडिओच्या स्पीकरवर मंजूर करू नका. साध्या टीव्हीवर लावा, पंखा चालू, आवाज कमी, स्वयंपाकघरात कुकर. तिथून तिसरं “नाही” ऐकू आलं नाही, तर बोलण्याचा आवाज वाढवू नका, पाचव्या मात्रेवरच्या वाद्यांचा आवाज उतरवा.